कोरलवाल्यांसाठी फिग्मा: आधी मजकूर, मग खोका

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक पोरापोरींचा हात कोरलड्रॉवर बसलेला असतो. वाढदिवसाचे फ्लेक्स, मंडळाचे बॅनर, लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या. मीही कोल्हापुरात शाहूपुरीत डीटीपी करतच या धंद्यात आले. त्यामुळे रंग, मोकळी जागा, कशावर आधी नजर जावी, हे तुम्हाला मी शिकवत बसणार नाही. ते तुम्हाला येतं. मोबाइल ॲपचा स्क्रीन करायला फिग्मा, म्हणजे स्क्रीन डिझाइनचं सॉफ्टवेअर, उघडला की कोरलच्या कुठल्या सवयी बाहेर ठेवायच्या आणि कुठल्या उपयोगी पडतात, तेवढंच सांगते.

मध्येमध्ये कुणीतरी विचारतं, "ताई, अडोबीचं एक्सडी शिकू का?" नको. अडोबीनं त्यात नवीन भर घालणं थांबवलंय. फिग्माच विकत घ्यायचा त्यांचा २० अब्ज डॉलरचा सौदा २०२२मध्ये जाहीर झाला आणि डिसेंबर २०२३मध्ये मोडला. फिग्मा ब्राउझरमध्ये चालतो, फुकटचं खातं आहे, शिकायला तेवढं पुरतं.

हाताशी एक काम असू दे. चप्पल लाईनीतल्या एका दुकानाला मोबाइलवरून ऑर्डर घ्यायच्या आहेत, आणि आपल्याला करायचाय चपलांच्या यादीचा स्क्रीन. दोन-दोन कार्डं शेजारी, प्रत्येकात फोटो, नाव, किंमत, बटण.

यातली खरी मेख अशी. फ्लेक्स दहा बाय आठचा ठरला की ठरला. त्यावरचं नाव छापून झाल्यावर लांब होत नाही. ॲपमध्ये त्याच कार्डात चपलेचं नाव आज "कापशी" येणार आणि उद्या "कुरुंदवाडी, दुहेरी वेणी, गोंड्याची" येणार. म्हणजे वस्तू जागेवर नेऊन ठेवणं हे तुमचं काम नव्हेच. वस्तूनं जागा कशी घ्यावी याचा नियम तुम्ही लिहायचा. फिग्मातलं निम्मं शहाणपण इथंच आहे, आणि कोरलवाल्याला सगळ्यात जास्त जड जातं तेही हेच.

माप

मिलिमीटर विसरा, ३०० डीपीआय विसरा, सीएमवायके तर फिग्मात नाहीच. सगळं पिक्सेलमध्ये आणि आरजीबीत. लोगोचा लाल तुम्ही मॅजेंटा १००, यलो १०० असा पाठ केलेला असेल तर त्याची स्क्रीनवरची छटा एकदा डोळ्यानं ठरवून घ्या आणि तिथून पुढे तीच वापरा.

एफ दाबून फ्रेम, म्हणजे स्क्रीनची चौकट, काढा, रुंदी ३६० द्या. "पण माझ्या फोनचा स्क्रीन १०८० आहे की!" हा प्रश्न येतोच. फोन एका मापाच्या जागी तीन-तीन ठिपके वापरतो, म्हणून १०८० भागिले ३, ३६०. स्वस्तातला ७२० वाला फोन दोन-दोन वापरतो, तरी ३६०च. मोठ्या फोनवर डिझाइन करून लहानावर कोंबण्यापेक्षा लहानावर बसवा, मोठ्यावर ते आपोआप ऐसपैस होतं.

हाताच्या सवयी

डाव्या बटणानं ओढत उजवं दाबून कॉपी टाकायची, ही कोरलची सवय इथं चालत नाही. आल्ट धरून ओढा. कंट्रोल + डी मात्र आहे तसंच, आणि पहिल्या कॉपीला जेवढं अंतर दिलं तेवढंच पुढच्यांना मिळतं. सगळं दिसायला एफ४ ऐवजी शिफ्ट + १, निवडलेलं जवळ आणायला शिफ्ट + एफ२ ऐवजी शिफ्ट + २. ओळीत लावायला एल, आर, टी, बी नाही. आल्ट धरून ए, डी, डब्ल्यू, एस, आणि मध्यासाठी आल्ट + एच, आल्ट + व्ही. पॉवरक्लिपचं काम बहुतेक वेळा फ्रेमच करते, "क्लिप कंटेंट" चालू असलं म्हणजे झालं. अगदी वेड्यावाकड्या आकारात फोटो घालायचा असेल तर कंट्रोल + आल्ट + एम नं मास्क.

एक शॉर्टकट मात्र नवा आणि रोज लागणारा: एखादी वस्तू निवडून आल्ट धरा आणि माउस दुसरीवर न्या. दोघींमधलं अंतर लाल आकड्यात दिसतं. माझ्या पोरांना मी पट्टी घेऊन मोजू देत नाही, आल्ट धरायला लावते.

विंडोजवर मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर अक्षरांचे शॉर्टकट अनेकदा दाद देत नाहीत. एफ दाबला, काहीच झालं नाही, फिग्मा अडकला असं वाटतं. विंडोज + स्पेस दाबून आधी भाषा बघा.

मराठी मजकूर

इथं जरा थांबू, कारण इंग्रजी व्हिडिओंमध्ये हे तुम्हाला कुणी सांगणार नाही.

पहिली गोष्ट, जुन्या श्रीलिपी फॉन्टात टाइप केलेला मजकूर कोरलमधून उचलून फिग्मात चिकटवला की कचरा दिसतो. तो युनिकोड नाही. कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर एकदा मन लावून वाचा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडचे तिकडे होतात. दुकानाचा लोगो जुन्या फॉन्टात असेल तर तो मजकूर म्हणून आणायचाच नाही. कोरलमध्ये कंट्रोल + क्यू करून कर्व्ह करा, एसव्हीजी काढा, फाइल फिग्मात ओढून टाका.

दुसरी गोष्ट फॉन्टची. फिग्मात टी दाबून टाइप केलं की "इंटर" फॉन्ट येतो. इंटरमध्ये देवनागरी नाही. तरीही मराठी दिसतं, कारण फिग्मा दुसऱ्या फॉन्टातली अक्षरं उसनी आणून दाखवतो. फोनवर तीच येतील याचा भरवसा नाही. म्हणून पहिलं अक्षर टाइप करायच्या आधी फॉन्ट निवडा. गूगल फॉन्ट्स फिग्मात आधीच आहेत. यादीच्या, फॉर्मच्या मजकुराला मी मुक्ता घेते; वजनं भरपूर आहेत आणि लहान आकारात वाचता येतो. मथळ्याला बालू २ बरा, पण तो गुबगुबीत आहे, प्रत्येक दुकानाला शोभत नाही. मराठी वळणाचे ल आणि श हवेत आणि जरा भारदस्तपणा हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा. पॉपिन्समध्येही देवनागरी आहे, इंग्रजी-मराठी शेजारी असतील तिथं चालतो.

तिसरी गोष्ट ओळींमधलं अंतर. इंग्रजीला १६ च्या अक्षराला २० ची ओळ पुरते. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. २० ची ओळ दिली तर वरच्या ओळीतल्या "कु"चा उकार खालच्या "खर्चासह" मधल्या रफाराला जाऊन भिडतो. १६ ला २६ द्या, १४ ला २२ च्या खाली जाऊ नका. मुक्ताची स्वतःची ओळउंची अक्षराच्या साधारण १.६ पट आहे, ती उगीच नाही. इंग्रजी टेम्पलेट आणून त्यात मराठी भरलं की सगळं कोंदटल्यासारखं दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

लेटर स्पेसिंग शून्यच. इंग्रजी कॅपिटलना थोडी मोकळीक देतात ते बघून इथंही ५ टक्के टाकलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. अक्षरं तिरकी करणंही टाळा.

आणि नमुन्याचा मजकूर. "लोरेम इप्सम" नाही, "येथे मजकूर" नाही. दुकानदाराकडून खरी नावं घ्या, खऱ्या किमती घ्या. पत्त्याचा फॉर्म असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या तालुक्यांची यादी खरी टाका. कागल, आजरा, चंदगड काय, कुठंही बसतात. तुमचा खोका तपासायचा असेल तर हातकणंगले, गगनबावडा आणि गडहिंग्लज टाकून बघा. बाराच्या बारा तालुके बसले की मग पुढं.

कार्ड

आता प्रत्यक्ष बांधू. स्क्रीन ३६०, दोन्ही बाजूंना १६ सोडले, दोन कार्डांमध्ये १२. उरले ३१६, म्हणजे एक कार्ड १५८.

कोरलवाला इथं आधी १५८ चा आयत काढतो, त्यावर फोटो ठेवतो, खाली नाव, त्याखाली किंमत, आणि सगळं ग्रुप करतो. तसं करू नका. आयत काढूच नका. आधी मजकूर: टी दाबून नाव लिहा, वेगळ्या थरात (लेयरमध्ये) किंमत लिहा. दोन्ही निवडा आणि शिफ्ट + ए. याला ऑटो लेआउट म्हणतात. त्या दोघांभोवती एक फ्रेम तयार होते आणि उजव्या पट्टीत तिची दिशा, आतल्या वस्तूंमधलं अंतर आणि कडेची मोकळी जागा हे आकडे दिसतात. दिशा उभी, अंतर ४, कडेला १२. बटण याच पद्धतीनं वेगळं करा: नुसता "ऑर्डर द्या" हा मजकूर, शिफ्ट + ए, मग रंग भरा. बटणाचा खोका तुम्ही काढत नाही, मजकूर त्याचा खोका स्वतः बनवतो. बटणाची उंची ४८ च्या खाली जाऊ देऊ नका. अंगठ्याला तेवढी जागा लागते, अँड्रॉइडची शिफारसही तीच आहे. शेवटी वर फोटोची चौकोनी फ्रेम, मध्ये मजकुराची फ्रेम, खाली बटण, तिन्ही निवडून पुन्हा शिफ्ट + ए. बाहेरची ही फ्रेम म्हणजे कार्ड, तिला रुंदी १५८ द्या.

आता या तीन शब्दांची गाठ पक्की करा. "हग" म्हणजे आतल्या मजकुराएवढंच व्हायचं. "फिल" म्हणजे बाहेर जेवढी जागा आहे तेवढी सगळी घ्यायची. "फिक्स्ड" म्हणजे हलायचंच नाही. कार्डाची उंची हग. नाव, किंमत, बटण यांची रुंदी फिल. बटणाच्या आतला मजकूर हग. घाईत असाल तर वस्तूच्या कडेवर डबल क्लिक केलं की हग होतं, आल्ट धरून केलं की फिल. नव्वद टक्के "ताई, हे असं का पसरलं?" या तिघांच्या गोंधळातून येतात. कोणाला कोणाएवढं व्हायचंय हे आधी तोंडानं म्हणा, मग आकडा टाका.

फोटोचं एक. चपलेचा फोटो फ्रेममध्ये टाकला की फिग्मा तो "फिल" प्रकारे भरतो, म्हणजे फ्रेम भरून उरलेलं कापतो. कापलं जातं ते नेमकं अंगठ्याचं टोक किंवा गोंडा, ज्यासाठी गिऱ्हाईक चप्पल घेतं. फोटोवर क्लिक करून "फिट" करा आणि मागे फोटोच्याच पार्श्वभूमीचा रंग द्या. बरेच फोटो एकदम आणायचे तर कंट्रोल + शिफ्ट + के, सगळे एकदम निवडा, आणि एकेका चौकोनावर क्लिक करत जा.

मग ते मोडून बघा

कार्ड तयार झालं की पोरं लगेच कौतुक ऐकायला थांबतात. मी त्यांना आधी मोडायला लावते. नावात "कुरुंदवाडी, दुहेरी वेणी, गोंड्याची" टाका. तीन ओळी झाल्या? मजकुराच्या बारीक सेटिंगमध्ये "ट्रंकेट", म्हणजे उरलेला मजकूर कापणं, चालू करून कमाल २ ओळी द्या. शेजारच्या कार्डात नुसतं "कापशी" आहे, त्यामुळे त्याची किंमत वर सरकली आणि दोन किमती एका रेषेत राहिल्या नाहीत? नावाच्या थराला किमान उंची ५२ द्या, म्हणजे २६ च्या दोन ओळी. एका ओळीचं नाव असलं तरी जागा दोनाची धरली जाते आणि किमती सरळ उभ्या राहतात.

किंमत ९५० ची १२,५०० करा. बटणावरचा मजकूर "ऑर्डर द्या" वरून "ऑर्डर नोंदवली जात आहे" करा. बटण दाबल्यावर फोनवर काहीतरी असंच दिसणार आहे, आणि तुमच्या १५८ मध्ये ते बसत नाही. मग तिथं "नोंदवतोय…" लिहायचं की फिरणारं चक्र दाखवायचं, हे तुम्ही आत्ता ठरवायचं. नाहीतर ते कोड लिहिणारा ठरवणार, आणि त्याला जे सुचेल ते गिऱ्हाइकाला दिसणार.

फोटो नसला तर? नऊ नंबर संपला असेल तर? यादीत एकच चप्पल असली तर? यातला एकही प्रश्न फ्लेक्सला कधी पडत नाही.

आकडे मराठी की इंग्रजी, यावर वाद होतात. माझं मत सरळ आहे: एका स्क्रीनवर एकच. गिऱ्हाईक मोबाइल नंबर टाइप करणार तो इंग्रजी आकड्यात. म्हणून फॉर्म असलेल्या ॲपमध्ये मी सगळीकडे इंग्रजीच ठेवते. नुसतं वाचायचं पान असेल तर मराठी.

कंपोनंट

मोडून झालेलं, सुधारलेलं एक कार्ड निवडा आणि कंट्रोल + आल्ट + के. जांभळी कड आली म्हणजे तो मूळ साचा झाला. त्याच्या कॉप्या काढून स्क्रीन भरा. उद्या मालक म्हणाला कोपरे गोल नकोत, की मूळ एका जागी बदलायचं, सगळीकडे बदलतं. नाव आणि किंमत प्रत्येक कॉपीत वेगळी ठेवता येते. "शिल्लक" आणि "संपली" अशी दोन रूपं व्हेरियंट करून ठेवा. फार पुढं जाऊन प्रत्येक बारीकसारीक गोष्टीचा कंपोनंट करत बसू नका. तीनदा लागलं तर करा. आणि अडलं की "डिटॅच" करून मोकळं व्हायची सवय लावून घेऊ नका, ती कॉपी मग साच्याचं ऐकत नाही.

रंग

फ्लेक्सवर भगव्यावर पांढरी अक्षरं धडाक्यात दिसतात, कारण ती फूटभर असतात. १६ च्या अक्षराला ते झेपत नाही. वाचण्याजोगं असायला अक्षर आणि पार्श्वभूमीत ४.५ ला १ एवढा फरक लागतो. नेहमीच्या भगव्यावर, एफएफ९९३३ या छटेवर, पांढरं टाकलं तर तो जेमतेम २.१ भरतो, काळं टाकलं तर ९.९ च्या आसपास. बटण भगवंच हवं असेल तर अक्षरं काळी. पांढरीच हवी असतील तर बटण गडद तपकिरी करा, चपलेच्या कातड्याचा रंग तसाही जवळचाच आहे. ठरलेले रंग स्टाइल करून नावानं साठवा, प्रत्येक वेळी आयड्रॉपर नको.

मालकाला दाखवताना

व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवू नका. मालक तो झूम करून बघणार, म्हणणार "अक्षर मोठं आहे की" आणि प्रत्यक्षात ते बारीक निघणार. शिफ्ट + ई दाबून प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे दाबून बघता येणारा नमुना बनवायच्या भागात, जा, कार्डाकडून पुढच्या स्क्रीनकडे बाण ओढा, यादी वर-खाली सरकते का बघा, खालची पट्टी जागेवर स्थिर ठेवा. मग लिंक फक्त बघण्याच्या परवानगीची करा आणि मालकाच्याच फोनवर उघडून द्या. शक्य असेल तर दुपारी, दुकानाबाहेर उन्हात उभं राहून. घरात झकास वाटणारी फिकट राखाडी अक्षरं तिथं गायब होतात. मालकाच्या हातात फोन दिल्यावर तुम्ही बोलू नका. त्याचा अंगठा कुठं जातो ते बघा.

पावसाळ्यात लाइट आणि नेट दोन्ही जातात, हे काही कोल्हापूरकरांना सांगायला नको. नेट गेलं तरी उघडी फाइल चालू राहते आणि नेट आल्यावर बदल वर जातात, पण तोवर टॅब बंद करू नका. मोठं काम झालं की फाइल मेनूतून लोकल कॉपी उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा.

कोड लिहिणाऱ्याकडे

थरांची नावं "फ्रेम ४७", "फ्रेम ४८" अशी सोडून फाइल देऊ नका. निवडून कंट्रोल + आर, आणि नाव द्या: कार्ड, किंमत, बटण. फोटो आणि चिन्हं वेगळी काढून द्यायची असतील तर चिन्हं एसव्हीजीत, फोटो १, २ आणि ३ पट अशा तीन मापांत. फॉन्टचं नाव, वजन आणि ओळउंची लेखी द्या, आणि पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायला सांगा. ज्या फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तो ते तेव्हाच दाखवतो. मोडून बघताना जे जे स्क्रीन केले, फोटो नसलेला, माल संपलेला, ऑर्डर नोंदवत असलेला, ते सगळे त्याच फाइलीत मुख्य स्क्रीनच्या शेजारी ओळीनं लावा. "बाकीचं नंतर सांगते" म्हणून ठेवलं की तो फोन रात्री साडेदहाला येतो.